विश्लेषण : शंभर दाणे, दहा शेते आणि एक सरासरी... सोयाबीनचे बियाणे आणि पीकविमा कोणत्या गणितावर चालतो?

हिंगोली जिल्ह्यातल्या सोयाबीन उत्पादकाचे वर्ष दोन आकड्यांत अडकलेले असते. पहिला आकडा पेरणीआधीचा, बियाण्याच्या उगवणक्षमतेचा. दुसरा काढणीच्या वेळचा, महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनाचा. पहिल्यावर दुबार पेरणी टळणार की नाही हे ठरते, दुसऱ्यावर पीकविम्याची भरपाई. दोन्ही आकडे सगळे मोजून काढलेले नसतात. थोडेसे तपासायचे आणि त्यावरून सगळ्याचा अंदाज बांधायचा, अशी ही रीत आहे. हा अंदाज किती चुकू शकतो आणि ती चूक कोणाच्या पदरात पडते, याचा हा आढावा.

हा प्रश्न आताच का महत्त्वाचा?

महाराष्ट्रात २०२३च्या खरिपापासून एक रुपयात पीकविमा मिळत होता. खरीप २०२५पासून ही सवलत बंद झाली आणि प्रधानमंत्री पीकविमा योजनेतील मूळ हप्ता पुन्हा लागू झाला : खरिपातील अन्नधान्य व गळीत पिकांना विमा संरक्षित रकमेच्या कमाल २ टक्के, रब्बीला १.५ टक्के आणि नगदी पिकांना ५ टक्के. त्याहून मोठा बदल भरपाईच्या निकषांत झाला. पेरणीच न होणे, हंगामाच्या मध्यात आलेली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान, असे चार जोडनिकष पूर्वी होते. ते वगळून राज्याने भरपाईचा सगळा भार पीक कापणी प्रयोगांवरून निघणाऱ्या उत्पादनावर टाकला. काही पिकांत उपग्रहाधारित अंदाजालाही त्यात वाटा आहे.

त्याच हंगामात, सप्टेंबर २०२५मध्ये, हिंगोलीसह मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले. राज्य सरकारने ऑक्टोबरमध्ये ३१ हजार ६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली, पण सरकारी मदत वेगळी आणि विम्याचा दावा वेगळा. विम्यात आता शेतकऱ्याने आपल्या वावरातले नुकसान ७२ तासांत कळवून उपयोग नाही. मंडळातील निवडक शेतांची सरासरी काय निघते, हेच मुख्यतः पाहिले जाते. म्हणजे ‘सरासरी कशी काढतात’ हा प्रश्न शाळेच्या पुस्तकातला राहिला नाही, तो बँकेच्या पासबुकातला झाला आहे.

भिजलेल्या सोयाबीनचा परिणाम पुढच्या हंगामावरही होतो. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ आणि नाजूक असते. काढणीच्या वेळी पाऊस लागला, मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले किंवा पोती उंचावरून आदळली, की उगवणक्षमता घसरते. म्हणून घरच्या बियाण्याची चाचणी अशा वर्षानंतर अधिकच गरजेची ठरते.

शंभर दाण्यांची चाचणी काय सांगते?

कृषी विभाग दर उन्हाळ्यात सांगत असलेली पद्धत सोपी आहे. ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचे आणि आठवडाभराने नीट कोंब आलेले दाणे मोजायचे. प्रमाणित सोयाबीन बियाण्यासाठी किमान उगवणक्षमता ७० टक्के ठरलेली आहे. ७० किंवा जास्त उगवले तर शिफारशीप्रमाणे हेक्टरी ७५ किलो बियाणे वापरावे, कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे, असा सल्ला असतो.

आता समजा, १०० पैकी ६५ दाणे उगवले. बियाणे नापास झाले का? इथे थोडे थांबायला हवे. पोत्यात लाखो दाणे आहेत, आपण १०० उचलले. दुसरे १०० उचलले असते तर ६५ऐवजी ७१ किंवा ६२ही निघाले असते. खरी उगवणक्षमता बरोबर ७० टक्के असलेल्या पोत्यातूनही ६५ किंवा त्याहून कमी दाणे उगवण्याची शक्यता सुमारे १६ टक्के असते. म्हणजे चांगल्या पोत्याबाबतही साधारण सहातून एकदा असे घडेल.

ही हेलकावणी किती, हे मोजण्याला ‘प्रमाण त्रुटी’ म्हणतात. टक्केवारीसाठी तिचे सूत्र असे : उगवलेल्यांचे प्रमाण गुणिले न उगवलेल्यांचे प्रमाण, त्याला दाण्यांच्या संख्येने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. ०.६५ गुणिले ०.३५ भागिले १००, त्याचे वर्गमूळ सुमारे ०.०४८, म्हणजे ४.८ टक्के. नमुना पुरेसा मोठा असला की अशा अंदाजांची पसरण घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे होते आणि ९५ टक्के वेळा खरे उत्तर अंदाजाच्या दोन्ही बाजूंना प्रमाण त्रुटीच्या १.९६ पटीच्या आत सापडते. इथे ४.८ची १.९६ पट म्हणजे ९.३. म्हणून आपले उत्तर ‘६५ टक्के’ असे न देता ‘५६ ते ७४ टक्क्यांच्या दरम्यान’ असे द्यायला हवे. यालाच ‘विश्वास अंतराल’ म्हणतात. या अंतरालात ७० बसते. तेव्हा बियाणे प्रमाणाबाहेर असल्याचे या चाचणीने सिद्ध झालेले नाही.

चारशे दाणे घेतले तर?

बीज परीक्षण प्रयोगशाळेत प्रमाण पद्धतीनुसार शंभर-शंभरचे चार गट, म्हणजे ४०० दाणे तपासतात. त्यातही ६५ टक्केच, म्हणजे २६० दाणे उगवले असे धरू. प्रमाण त्रुटी आता २.४ टक्क्यांवर येते आणि विश्वास अंतराल ६०.३ ते ६९.७ टक्के. ७० आता अंतरालाच्या बाहेर गेले. टक्केवारी तीच, पण निष्कर्ष बदलला.

इथे लक्षात ठेवण्याजोगा नियम एकच : नमुना चौपट केला की त्रुटी निम्मी होते, चौथा हिस्सा होत नाही. कारण सूत्रात वर्गमूळ आहे. अचूकता मिळते, पण तिची किंमत चढत्या दराने मोजावी लागते. दुसरी गोष्ट अनेकांना पटत नाही : पोते ३० किलोचे आहे की कोठारात ३० टन बियाणे आहे, याने या त्रुटीत जवळपास फरक पडत नाही. किती दाणे तपासले यानेच पडतो. भाजीला मीठ बरोबर झाले का, हे पाहायला पातेले मोठे असो की लहान, चमचाभर रस्सा पुरतो. अट एकच, भाजी नीट ढवळलेली हवी.

ही ‘ढवळण्याची’ अट सर्वांत महत्त्वाची. पोत्याच्या वरच्या थरातले टपोरे, डागविरहित दाणे निवडून चाचणी केली तर १०० काय आणि ४०० काय, उत्तर चुकीचेच येणार. म्हणून पोत्याच्या वर, मध्ये आणि तळाशी हात घालून दाणे काढायचे, ते मिसळायचे आणि त्यातून न निवडता मोजायचे.

कंपनी दोषी की निर्दोष, हे कसे ठरवायचे?

हा प्रश्न केवळ घरच्या बियाण्यापुरता नाही. २०२०च्या खरिपात मराठवाड्यातून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला होता आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती. अशा वादात पिशवीवरच्या लेबलात लिहिलेला दावा खरा की खोटा, हे ठरवायचे असते. संख्याशास्त्रात याला ‘परिकल्पना चाचणी’ म्हणतात आणि तिची रीत न्यायालयासारखीच आहे.

आधी आरोपी निर्दोष मानायचा : ‘उगवणक्षमता किमान ७० टक्के आहे’. ही झाली शून्य परिकल्पना. मग पुरावा बघायचा आणि विचारायचे, दावा खरा असता तर इतका वाईट निकाल केवळ योगायोगाने येण्याची शक्यता किती? ती फारच कमी असेल तर दावा फेटाळायचा. ‘फारच कमी’ म्हणजे किती, हे आधी ठरवायचे असते. रूढ मर्यादा ५ टक्के आहे. त्या हिशेबाने १०० दाण्यांच्या चाचणीत साधारण ६२ किंवा त्याहून कमी दाणे उगवले तरच लेबल खोटे म्हणता येईल. ५५ उगवले तर प्रश्नच मिटला. खरोखर ७० टक्क्यांच्या पोत्यातून इतका वाईट निकाल हजारात साधारण एकदाच येतो.

मात्र ६३ ते ६९ या पट्ट्यात ‘दोष सिद्ध झाला नाही’ एवढेच म्हणता येते, ‘बियाणे चांगले आहे’ असे नाही. पुराव्याअभावी सुटणे आणि निर्दोष असणे यांत जो फरक कचेरीत असतो, तोच इथे आहे.

यात चुका दोन प्रकारच्या होतात. चांगले बियाणे नापास करणे ही पहिली, तिचा भुर्दंड विक्रेत्याला. वाईट बियाणे पास करणे ही दुसरी, तिचा भुर्दंड शेतकऱ्याला. ५ टक्क्यांची मर्यादा पहिल्या चुकीला आवर घालते, दुसरीला नाही. समजा, पोत्याची खरी उगवणक्षमता फक्त ६० टक्के आहे. १०० दाण्यांच्या चाचणीत ते पकडले जाण्याची शक्यता साधारण ७० टक्केच आहे. म्हणजे अशी तीस टक्के पोती निसटतील. ४०० दाणे घेतले तर (तिथे मर्यादा २६४ दाणे) पकडले जाण्याची शक्यता ९९ टक्क्यांच्या वर जाते. लहान नमुना नेहमी आरोपीच्या बाजूने झुकतो, तो असा.

आणखी एक खाच आहे. शेतात किती उगवले, हा लेबलवरच्या दाव्याचा थेट पुरावा नाही. पेरणी खोल गेली, पावसाने उघडीप दिली, जमिनीवर पापडी धरली तर चांगले बियाणेही वर येत नाही. म्हणून त्याच लॉटचा थोडा नमुना आणि पिशवी, लेबल, पावती जपून ठेवा, असे पंचनाम्याला येणारे अधिकारी सांगतात, ते त्यासाठीच.

मंडळाचे सरासरी उत्पादन कसे ठरते?

आता दुसरा आकडा. पीकविम्यात सोयाबीनसारख्या प्रमुख पिकासाठी महसूल मंडळ हा घटक धरला जातो. पाच तालुक्यांच्या हिंगोली जिल्ह्यात अशी सुमारे ३० मंडळे आहेत. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमुख पिकासाठी जिल्हा हा घटक असेल तर किमान २४ प्रयोग, तालुका असेल तर १६, मंडळ असेल तर १० आणि ग्रामपंचायत असेल तर ४ प्रयोग करायचे असतात.

प्रयोगासाठी गाव, गट क्रमांक आणि शेतातली जागा यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी उचलल्याप्रमाणे निवडतात. ठरावीक मापाचा चौकोन आखून त्यातले पीक कापायचे, मळायचे, वजन करायचे आणि ओलाव्याचा हिशेब धरून हेक्टरी उत्पादन काढायचे. मंडळातील सर्व प्रयोगांची सरासरी म्हणजे त्या हंगामाचे ‘प्रत्यक्ष उत्पादन’.

ते ‘उंबरठा उत्पादना’शी ताडून पाहतात. मागच्या सात वर्षांतल्या सर्वोत्तम पाच वर्षांची सरासरी घ्यायची आणि तिला जोखीमस्तराने गुणायचे, म्हणजे उंबरठा निघतो. महाराष्ट्रात जोखीमस्तर ७० टक्के आहे. पाच वर्षांची सरासरी हेक्टरी १० क्विंटल असेल, तर उंबरठा ७ क्विंटल. प्रत्यक्ष उत्पादन ७च्या वर आले तर भरपाई शून्य. ६ आले तर तूट सातात एक, म्हणजे सुमारे १४.३ टक्के, ५० हजार रुपये संरक्षित रकमेवर हेक्टरी साधारण ७,१४० रुपये.

दहा शेतांची सरासरी किती डगमगते?

समजा, एका मंडळात शेतागणिक उत्पादनाचे ‘प्रमाण विचलन’ ३ क्विंटल आहे. सोप्या भाषेत, बहुतेक शेते सरासरीपासून तीनेक क्विंटल इकडे-तिकडे असतात. कयाधूकाठची काळी कसदार जमीन आणि सेनगाव-औंढ्याकडचा माळरानाचा हलका पोत जवळजवळ असले, की असा फरक पडणे अवघड नाही. सरासरीची प्रमाण त्रुटी म्हणजे हे विचलन भागिले शेतांच्या संख्येचे वर्गमूळ. १० प्रयोगांसाठी ती ०.९५ क्विंटल येते.

दहा हा मोठा नमुना नाही. साधारण ३०च्या पुढे १.९६ हा गुणक चालतो. त्याहून लहान नमुन्यात विचलनाचा अंदाजच कच्चा असतो, म्हणून जास्त सावध गुणक घ्यावा लागतो. तो शोधला विल्यम गॉसेट यांनी, १९०८ मध्ये. ते आयर्लंडमधील गिनेस या बिअर कंपनीत बार्लीच्या वाणांची आणि बिअरच्या प्रतीची तपासणी करत. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्यांनी लिहिलेला निबंध आजही पदवीच्या वर्गात शिकवला जातो. दहाच्या नमुन्यासाठी हा गुणक २.२६ आहे.

प्रयोगांची सरासरी ७.२ क्विंटल आली, असे धरू. उंबरठा ७, म्हणून भरपाई नाही. पण विश्वास अंतराल ७.२ उणे-अधिक २.१५, म्हणजे ५.१ ते ९.३ क्विंटल इतका रुंद आहे. मंडळाचे खरे उत्पादन उंबरठ्याच्या बरेच खाली असू शकते, बरेच वरही असू शकते. ७.२ या आकड्याने ते ठरत नाही, पण विम्याचा निर्णय मात्र त्याच आकड्याने ठरतो.

आता उलट बाजूने पाहू. मंडळाचे खरे उत्पादन ६ क्विंटल आहे, म्हणजे भरपाई मिळायलाच हवी. तरीही योगायोगाने चांगली शेते नमुन्यात आली आणि सरासरी ७च्या वर गेली, असे होण्याची शक्यता किती?

• ४ प्रयोग असतील तर : सुमारे २५ टक्के, म्हणजे चारातून एकदा
• १० प्रयोग असतील तर : सुमारे १५ टक्के, म्हणजे सातातून एकदा
• ४० प्रयोग असतील तर : २ टक्क्यांपेक्षा कमी

ही चूक एकतर्फी नाही. खरे उत्पादन ८ क्विंटल असलेल्या मंडळाला विनाकारण भरपाई मिळण्याची शक्यताही तितकीच आहे. पण ज्याचे पीक गेले आणि भरपाईही हुकली, त्या शेतकऱ्याला दुसऱ्या मंडळाला जास्तीचे मिळाले म्हणून दिलासा मिळत नाही.

मग विमा गावनिहाय करावा का?

गाव हा घटक धरावा, ही मागणी जुनी आहे आणि तिच्यामागचे कारण रास्त आहे. मंडळात वीस-पंचवीस गावे असू शकतात. नदीकाठच्या तीन गावांत पाणी साचले आणि बाकी गावे वाचली, तर त्या तीन गावांचे नुकसान सरासरीत विरून जाते. घटक जितका लहान, तितकी सरासरी आपल्या शेताच्या जवळची.

पण वरची यादी पुन्हा पाहावी. गावात चारच प्रयोग झाले तर ती ‘जवळची’ सरासरी अधिकच डगमगते. उलट साऱ्या जिल्ह्याचे ३० मंडळांतील ३०० प्रयोग एकत्र केले, तर प्रमाण त्रुटी ०.१७ क्विंटलवर येते आणि जिल्ह्याचे उत्पादन अधिक-उणे एक तृतीयांश क्विंटल इतके नेमके सांगता येते. मात्र ती सरासरी कोणा एका गावाची राहत नाही. नेमकेपणा हवा तर घटक मोठा, जवळीक हवी तर घटक लहान. दोन्ही हवे तर प्रयोगांची संख्या वाढवावी लागते. आणि सोयाबीनची काढणी दोन-तीन आठवड्यांत उरकते. त्या मुदतीत गावपातळीवरचे तेच कर्मचारी किती शेतांत तराजू घेऊन पोचणार, हा खरा अडथळा आहे. उपग्रहाच्या प्रतिमांची मदत घेण्यामागे हे कारण आहे. तो अंदाजही शेवटी कापणी प्रयोगांशीच ताडून पाहावा लागतो.

नमुना वाढवला की सगळ्या चुका जातात का?

नाही. याचे उत्तर एका मराठी संख्याशास्त्रज्ञाने ऐंशी वर्षांपूर्वी दिले आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११चा, सातारा जिल्ह्यातील बुध गावचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते शिकले तेव्हा तिथे येर्झी नेमन आणि इगॉन पियर्सन हे परिकल्पना चाचणीचे आधुनिक शास्त्र घडवत होते. ‘विश्वास अंतराल’ ही कल्पना नेमन यांनी १९३४च्या निबंधात मांडली. भारतात परतल्यावर सुखात्मे यांनी कृषी संशोधन परिषदेत पीक कापणी प्रयोगांची शास्त्रशुद्ध पद्धत उभी केली. १९५१मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. १९७१मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

त्या काळी प्रशांतचंद्र महालनोबिस आणि त्यांची भारतीय सांख्यिकी संस्था बंगालमध्ये लहान वर्तुळाकार तुकडे कापून पीक मोजत. लहान तुकडे स्वस्त पडतात, म्हणून पुष्कळ घेता येतात. सुखात्मे यांनी वेगवेगळ्या मापांचे तुकडे कापून दाखवले, की लहान तुकड्यांवरून काढलेले उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त येते. कारण कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, या संशयात ते आत धरण्याकडे हात वळतो, आणि तुकडा लहान असला की त्यात कडेचा वाटा मोठा असतो. १९४६मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी हे मांडले.

मुद्दा आजही तसाच आहे. योगायोगाची चूक कधी वर, कधी खाली जाते. नमुना वाढला की ती विरते. पण एकाच दिशेची चूक, म्हणजे कल, कितीही नमुना वाढवला तरी तसाच राहतो. उदाहरणार्थ, ५० चौरस मीटरच्या तुकड्याचे उत्पादन हेक्टरी करताना २००ने गुणावे लागते. प्रत्येक तुकड्यात फक्त पाव किलो जास्त धरले गेले, तर हेक्टरी अर्धा क्विंटल वाढतो. काठावरच्या मंडळाची भरपाई जायला एवढे पुरे. निवडलेल्या गटात ओले राहिलेले शेत सोडून शेजारचे बरे शेत घेणे, ओलसर दाण्याचे वजन लावणे, रस्त्यालगतचीच शेते गाठणे, या गोष्टींनी कल तयार होतो. तो सूत्राने सापडत नाही, बांधावर उभे राहूनच सापडतो.

९५ टक्के हाच आकडा का?

त्यात पवित्र असे काही नाही. चुकीची किंमत पाहून मर्यादा ठरवावी लागते. याचे उत्तम उदाहरणही हिंगोलीतच आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेली पहिली लहर जाहीर केली ती फेब्रुवारी २०१६मध्ये, आणि ती परिकल्पना चाचणीनंतरच. तिथली शून्य परिकल्पना होती ‘हा केवळ उपकरणातला गोंगाट आहे’. असा गोंगाट योगायोगाने व्हायला दोन लाख वर्षांहून अधिक काळ लागेल, असे निघाल्यावरच शोध मान्य झाला. भौतिकशास्त्रात शोधासाठी ‘पाच सिग्मा’ची अट असते, म्हणजे योगायोगाची शक्यता साधारण ३५ लाखांत एक.

इतका कडक पुरावा बियाण्याच्या तक्रारीत मागितला, तर एकही तक्रार टिकणार नाही. विश्वाबद्दलचा निष्कर्ष काही वर्षे लांबला तरी चालते, पेरणी आठवडाभरही लांबवता येत नाही. विम्यात तर आज कोणतीच मर्यादा नाही. ७.०१ आले तर शून्य आणि ६.९९ आले तर भरपाई, जणू ती सरासरी तराजूवर तोललेली खरी किंमत आहे.

काय करता येईल?

सरकारी पातळीवर पहिली गोष्ट खर्चाची नाही, पारदर्शकतेची आहे. मंडळाच्या सरासरीसोबत प्रत्येक प्रयोगाचे उत्पादन आणि त्यांतले विचलन जाहीर केले, तर आकडा किती पक्का आहे ते कोणालाही तपासता येईल. दुसरी गोष्ट म्हणजे सगळीकडे सरसकट दहा प्रयोग करण्याऐवजी जिथे शेतागणिक फरक जास्त किंवा पूर-अतिवृष्टीचा फटका असमान, तिथे प्रयोग वाढवता येतील. सरासरी उंबरठ्याच्या अगदी जवळ येण्याची चिन्हे आधीच्या अंदाजांवरून दिसत असतील, तिथेही कापणीपूर्वीच जादा प्रयोग ठरवून ठेवता येतील. मात्र निकाल पाहून मग नको ती शेते वगळणे किंवा हवी ती वाढवणे हे कोणत्याच बाजूने करता कामा नये, त्याने चाचणीचा अर्थच संपतो.

शेतकऱ्याच्या हातातही काही गोष्टी आहेत. बियाण्याची चाचणी एका गोणपाटावर न थांबवता शंभर-शंभरच्या चार गुंडाळ्या करणे, हे काम घरच्या घरी बिनखर्चात होते आणि त्रुटी निम्मी होते. चार गुंडाळ्यांचे आकडे एकमेकांपासून फारच लांब आले, तर दाणे नीट मिसळले गेले नाहीत हेही कळते. कापणी प्रयोगाच्या दिवशी निवडलेला गट क्रमांक तोच आहे का, चौकोन यादृच्छिक जागेवरच आखला का, कडेची रोपे कशी धरली आणि वजन कोणत्या ओलाव्याला लावले, या चार गोष्टी गावकऱ्यांनी तिथे हजर राहून पाहिल्या तर कलाला वाव कमी राहतो. आपल्या मंडळाची सरासरी कळल्यावर विचारण्याजोगा पहिला प्रश्नही आता स्पष्ट आहे : ती किती शेतांवरून काढली आणि त्या शेतांचे वेगवेगळे आकडे काय होते?